आत्मसंयम आणि विद्यापीठातील यश

(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभात बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही ठिकाणी थोडा विस्तार केला आहे.)



बारावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन तुम्ही आता महाविद्यालयाच्या दारात उभे आहात. सर्वप्रथम तुमचे मनापासून अभिनंदन करतो. अभिनंदनाची भाषणे तुम्ही आज बरीच ऐकलीत. तेव्हा मी त्यात आणखी भर न घालता अशा एका गोष्टीविषयी बोलणार आहे, की जिची गरज तुम्हाला येत्या दोन-तीन महिन्यांतच भासू लागेल. ती गोष्ट म्हणजे आत्मसंयम.

विषय जुना आहे, याची मला जाणीव आहे. 'मनावर ताबा ठेव, वेळ वाया घालवू नकोस' हा उपदेश तुम्ही पहिलीपासून ऐकत आला आहात. परंतु उपदेश ऐकून संयम अंगी येत असता, तर आपल्यापैकी कोणीही कधी नापास झाला नसता. 'कळते पण वळत नाही' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगाच केलेली नाही. म्हणून आज मी उपदेश कमी करणार आहे आणि माहिती अधिक देणार आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या विषयाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. त्यातून निघालेल्या काही गोष्टी आपल्या समजुतीला बळ देणाऱ्या आहेत, तर काही आपल्या समजुतीला चांगलाच धक्का देणाऱ्या आहेत. दोन्ही तुमच्यापुढे ठेवतो.

घंटा वाजायची थांबते तेव्हा

प्रथम आपण हे पाहू, की शाळा आणि विद्यापीठ यांत फरक कोणता.

शाळेत असताना तुमचा दिवस दुसऱ्या कोणीतरी आखून दिलेला असतो. घंटा वाजते, हजेरी होते, गृहपाठ तपासला जातो, घटक चाचणी होते. लागोपाठ दोन दिवस गैरहजर राहिलात, तर वर्गशिक्षक घरी निरोप धाडतात. सकाळी आई उठवते. वडील आखातात नोकरीला असले, तरी फोनवरून 'अभ्यास कसा चाललाय?' हे विचारल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. म्हणजे शाळेतील तुमचा संयम बऱ्याच अंशी उसना असतो. तो घंटेचा, सरांच्या नजरेचा, आईच्या हाकेचा संयम असतो.

महाविद्यालयात गेल्यावर काय होते? वर्गात शंभर-सव्वाशे विद्यार्थी असतात. प्राध्यापकांना तुमचे नाव ठाऊक नसते, आणि तुम्ही आला नाहीत म्हणून त्यांचे व्याख्यान थांबत नाही. ७५ टक्के हजेरीचा नियम असतो, परंतु पुष्कळांना तो सत्राच्या अखेरीस, नोटीस बोर्डावर यादी लागल्यावरच आठवतो. सत्र सहा महिन्यांचे म्हणतात. पण प्रवेशाची धावपळ, सणवार, महाविद्यालयाचे महोत्सव आणि परीक्षेचे दिवस वजा केले, तर प्रत्यक्ष शिकण्याचे साधारण पंधरा आठवडे हाती उरतात. सुरुवातीचे पाच-सहा आठवडे 'अजून खूप वेळ आहे' म्हणण्यात जातात. मग अंतर्गत चाचण्या, जर्नले, सबमिशन हे सारे एकदम अंगावर येते, आणि रात्र थोडी सोंगे फार अशी अवस्था होते.

आपल्या शाळेतून बारावीला उत्तम गुण मिळवून गेलेले आणि पहिल्याच सत्रात दोन-दोन, तीन-तीन विषयांत ए.टी.के.टी. घेऊन परत आलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. त्यांतील काहींनी दुसऱ्या वर्षी शिक्षणच सोडले. असा मुलगा भेटला, की तो मान खाली घालून सांगतो, 'सर, मला जमत नाही. माझी तेवढी बुद्धीच नाही.' मला त्याला विचारावेसे वाटते, की बाबा रे, मार्च महिन्यात जी बुद्धी होती ती एका उन्हाळ्यात कशी आटली? बुद्धी होती तिथेच आहे. गेली ती घंटा. आणि घंटेच्या जागी स्वतःचे असे काही उभे करायचे असते, हे त्याला कोणी सांगितले नाही.

अभ्यास काय सांगतात

हा केवळ माझा तर्क नाही. अमेरिकेतील अँजेला डकवर्थ आणि मार्टिन सेलिगमन या दोघांनी आठवीच्या विद्यार्थ्यांचा वर्षभर अभ्यास करून २००५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. वर्षाच्या सुरुवातीला मुलांची शिस्त मोजली, काही मुलांची बुद्धिमत्ताही मोजली, आणि वर्षाअखेरीच्या गुणांशी दोहोंचा मेळ घालून पाहिला. गुणांतील फरकाचा उलगडा बुद्ध्यंकापेक्षा स्वयंशिस्तीने दुपटीहून अधिक होतो, असे त्यांना आढळले. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही शाळा निवडून घेतलेल्या हुशार मुलांची होती. म्हणजे बुद्धी सर्वांनाच बरी होती आणि फरक पडला तो शिस्तीने. महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्या तुम्हा मंडळींची स्थिती काहीशी अशीच नाही काय?

त्याआधी २००४ साली जून टँगनी, रॉय बॉमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांची पाहणी केली. ज्यांचा आत्मसंयम अधिक, त्यांचे गुण अधिक होते. एवढेच नव्हे, तर त्यांचे घरच्या माणसांशी संबंध अधिक जिव्हाळ्याचे होते आणि मनःस्वास्थ्यही बरे होते. संयमी माणूस रुक्ष आणि दुःखी असतो ही आपली जी समजूत आहे, तिला या पाहणीत आधार सापडला नाही.

आणखी एक पाहणी तर प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. डायन टाइस आणि बॉमाइस्टर यांनी चालढकल करणाऱ्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांचे एक संपूर्ण सत्र निरीक्षण केले आणि १९९७ साली ते प्रसिद्ध केले. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे इतरांपेक्षा मजेत होते. त्यांना ताण कमी होता, आजारपणही कमी होते. परंतु सत्र संपत आले तेव्हा चित्र उलटे झाले. त्यांचा ताण आणि आजारपण इतरांपेक्षा वाढले, आणि साऱ्या सत्राचा हिशेब केला तर सुरुवातीची मौज शेवटच्या त्रासापुढे थोडीच ठरली. वर गुणही कमी पडले. म्हणजे चालढकल हे एक कर्ज आहे. घेताना गोड वाटते, फेडताना व्याजासकट फेडावे लागते.

मिठाईची बशी

आता मूळ प्रश्नाकडे वळू. संयम म्हणजे नेमके काय? पुष्कळांच्या डोळ्यांपुढे असे चित्र असते, की एक माणूस दात-ओठ खाऊन स्वतःच्या मनाशी कुस्ती खेळत आहे. ज्याचे मनगट बळकट, तो जिंकला. हे चित्र फारसे बरोबर नाही.

वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत जे प्रयोग सुरू केले, ते आता जगप्रसिद्ध झाले आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलाला खोलीत बसवायचे. समोर त्याच्या आवडीचा खाऊ ठेवायचा आणि सांगायचे, 'मी बाहेर जाऊन येतो. मी आपणहून परत येईपर्यंत थांबलास, तर तुला जास्तीचा खाऊ मिळेल. थांबवेनासे झाले तर घंटी वाजव, मी लगेच येईन, पण मग तुला कमीच मिळेल.' काही मुले मिनिटभरात घंटी वाजवीत, काही पंधरा मिनिटे थांबत.

ही गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. परंतु तिचा महत्त्वाचा भाग सहसा सांगितला जात नाही. मिशेल यांना हे पाहायचे होते, की मुले थांबतात ती कशाच्या बळावर. खाऊ डोळ्यांसमोर उघडा ठेवला, तेव्हा मुलांना फार थोडा वेळ धीर धरता आला. तोच झाकून ठेवला, तेव्हा ती कितीतरी अधिक वेळ थांबली. खाऊसमोर असतानाही ज्यांना दुसऱ्या एखाद्या गमतीचा विचार करायला सांगितले होते, तीही टिकली. काही मुलांनी तर आपणहून डोळ्यांवर हात घेतले, पाठ फिरवली किंवा गाणे म्हटले. म्हणजे जी मुले जिंकली, ती मोहाशी झुंजून जिंकली असे म्हणता येत नाही. त्यांनी मोहाची गाठच पडू दिली नाही. 'दृष्टीआड सृष्टी' हे आपले जुनेच शहाणपण आहे.

मोठ्या माणसांचेही तसेच आहे. जर्मनीतील विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली २०५ प्रौढ माणसांची एक पाहणी प्रसिद्ध केली. प्रत्येकाजवळ एक छोटे यंत्र देऊन दिवसातून अनेक वेळा त्यांना विचारण्यात येई, की या घटकेला तुम्हाला कशाची इच्छा होत आहे आणि तुम्ही तिला विरोध करीत आहात काय. अपेक्षा अशी होती, की संयमी माणसे दिवसभर मोहांशी लढत असतील. आढळले ते उलट. संयमी माणसांना मुळात अशा लढाया कमी लढाव्या लागत होत्या. पुढे २०१७ साली मरिना मिल्याव्स्काया आणि मायकेल इंझलिक्ट यांनी कॅनडातील विद्यापीठ विद्यार्थ्यांचे असेच निरीक्षण केले. ज्यांना रोज मोह अधिक पडत होते, ते सत्राअखेर आपल्या ध्येयापासून दूर राहिले आणि थकूनही गेले. मनाला मोठ्या कष्टाने आवर घालणाऱ्यांना त्या आवर घालण्याचा म्हणावा तसा लाभ झालेला दिसला नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. तुम्ही कोठेतरी वाचाल, की संयम हा बॅटरीसारखा असतो, वापरला की संपतो. १९९८ साली बॉमाइस्टर यांनी एक प्रयोग केला होता. समोरची बिस्किटे सोडून ज्यांना मुळे खावे लागले, त्या विद्यार्थ्यांनी नंतर दिलेले अवघड कोडे लवकर सोडून दिले. त्यावरून ही कल्पना पसरली. परंतु २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर या कल्पनेची फेरतपासणी केली, तेव्हा तो परिणाम जवळजवळ शून्य निघाला. म्हणून 'आज माझा संयम संपला, आता उद्या बघू' ही सबब फारशी पक्की नाही, हे ध्यानात ठेवा.

एका विद्यार्थ्याचे तीन दिवस

एका थोर भारतीयाच्या विद्यार्थिदशेतील प्रसंग सांगतो. रामेश्वरमला १९३१ साली जन्मलेले ए. पी. जे. अब्दुल कलाम तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेत विमानविद्या शिकण्यासाठी दाखल झाले. प्रवेशाचे पैसे घरात नव्हते. बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवून ते उभे केले. तेथे चार सहाध्यायांबरोबर त्यांना एका लढाऊ विमानाचा आराखडा करायचा होता. काम समाधानकारक झाले नाही. संस्थेचे संचालक प्राध्यापक श्रीनिवासन यांनी ते पाहून नापसंती व्यक्त केली. कलामांनी महिन्याची मुदत मागितली. सरांनी तीन दिवस दिले. शुक्रवार दुपार होती. सोमवारी सकाळपर्यंत आराखडा मिळाला नाही, तर शिष्यवृत्ती बंद होईल असे बजावले. कलाम त्या रात्री जेवले नाहीत, रात्रभर आराखड्याच्या फळीवर काम करीत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ-न्याहारीपुरते तासभर उठले. रविवारी सरांनी येऊन काम पाहिले आणि पाठ थोपटली. स्वतः कलामांनीच हा प्रसंग आपल्या आत्मचरित्रात लिहिला आहे.

हा प्रसंग सांगून पुष्कळ वक्ते म्हणतात, 'बघा, एका रात्रीत काय होऊ शकते!' मी त्यातून हा अर्थ काढीत नाही. ज्याने कित्येक वर्षे गणित आणि पदार्थविज्ञान घोटले होते, त्याला त्या तीन दिवसांत ते वापरता आले. पाया नसता, तर तीस रात्रीही पुरल्या नसत्या. दुसरे असे, की ज्या विद्यार्थ्याला पुढे साऱ्या देशाने शिस्तीचा आदर्श मानले, त्यालाही त्या वयात बाहेरून कोणीतरी तारीख बांधून द्यावी लागली. मग तुम्हा-आम्हाला ती लागली, तर त्यात कमीपणा कसला?

सारा दोष मुलांचाच काय?

पालक बंधु-भगिनींनो आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनो, आता थोडे आपल्याविषयी.

मिठाईच्या प्रयोगाची पुढची कथा ऐकण्यासारखी आहे. जी मुले अधिक वेळ थांबली, ती मोठेपणी परीक्षांत पुढे गेली, असे सुरुवातीच्या पाहणीत दिसले होते. परंतु ती बहुतेक मुले एका नामांकित विद्यापीठाच्या परिसरातील सुस्थित घरांतील होती. २०१८ साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन हा संबंध पुन्हा तपासला. संबंध होता, परंतु पूर्वी वाटला त्यापेक्षा बराच लहान. आणि घरची परिस्थिती व लहानपणीची बौद्धिक तयारी यांचा हिशेब धरल्यावर तर तो आणखी दोनतृतीयांशांनी घटला. याचा अर्थ काय? चार वर्षांच्या मुलाने खाऊ लवकर खाल्ला म्हणून त्याचे भविष्य ठरत नाही. आणि आपण ज्याला मुलाचा संयम म्हणतो, त्यात घराचाही मोठा वाटा असतो.

रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्टे किड आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग तर आपल्या सर्वांची झोप उडविणारा आहे. २८ मुलांचे त्यांनी दोन गट केले. खाऊच्या प्रयोगाआधी दोन्ही गटांना चित्र रंगविण्याचे काम दिले आणि 'थांब, तुला अधिक चांगले रंग आणून देतो' असे सांगितले. एका गटाला ते वचन पाळून रंग आणून दिले. दुसऱ्या गटाला परत येऊन सांगितले, की रंग शिल्लक नाहीत. मग खाऊचा प्रयोग केला. वचन पाळलेल्या गटातील मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. वचन मोडलेल्या गटातील मुले सरासरी तीनच मिनिटे थांबली. ही मुले संयमात कमी नव्हती. ज्याचा शब्द खोटा ठरला आहे त्याच्या शब्दावर कशाला थांबायचे, एवढे त्यांना कळत होते, आणि ते बरोबरच होते!

आता आपण आपल्या मनाला विचारू या. 'बारावी पास झालास की सायकल घेऊन देईन' म्हणून आपण किती वेळा सांगितले आणि किती वेळा पाळले? शिष्यवृत्तीचा अर्ज सत्राच्या सुरुवातीला भरून घ्यायचा आणि रक्कम वर्ष संपल्यावर हाती पडायची, असा अनुभव ज्या विद्यार्थ्याला वारंवार येतो, तो उद्याच्या फळावर भरवसा ठेवून आजची रोजंदारी सोडील काय? आणि मुलींच्या बाबतीत तर मला स्पष्टच बोलले पाहिजे. मुलगी पुस्तक घेऊन बसली, की तिला पाणी भरायला उठवायचे, पाहुणे आले की चहाला उठवायचे, धाकट्या भावाला सांभाळायला उठवायचे, आणि निकाल लागला की म्हणायचे, हिच्याजवळ एकाग्रता नाही! भाऊ मात्र मोबाइल घेऊन ओट्यावर बसलेला असतो, त्याला कोणी उठवीत नाही. एकाग्रता ही उठवणारे कोणी नसेल तेव्हा साधते. घरातील मुलीला संध्याकाळचे दोन तास कोणी हाक मारणार नाही, एवढे जरी प्रत्येक घराने ठरविले, तरी पुढच्या वर्षीच्या निकालात त्याचे उत्तर दिसेल.

दोन-अडीच खोल्यांच्या घरात सात-आठ माणसे राहतात, दूरदर्शन संच चालू असतो. तेथे कितीही मनोनिग्रही मूल असले, तरी खाऊची बशी त्याच्यासमोर उघडीच आहे. ती झाकण्याचे काम आपले. म्हणून या व्यासपीठावरून संस्थेला माझी नम्र विनंती आहे, की शाळेच्या इमारतीतील दोन वर्गखोल्या रोज संध्याकाळी सात ते दहा अभ्यासिका म्हणून उघड्या ठेवाव्यात, त्यांपैकी एक मुलींसाठी असावी. दिवे, पंखे, पिण्याचे पाणी आणि देखरेखीला एक माणूस, एवढाच खर्च आहे. शिक्षकांपैकी पाळीपाळीने बसायला आम्ही तयार आहोत. मात्र अभ्यासिका सुरू केली, तर ती वर्षाचे सारे दिवस ठरल्या वेळी उघडली पाहिजे. आज कुलूप, उद्या किल्ली हरवली, असे झाले तर मुलांच्या दृष्टीने ते मोडलेले वचनच ठरेल.

तुमच्या हातातील पाच गोष्टी

विद्यार्थी मित्रांनो, परिस्थिती बदलेल तेव्हा बदलेल. परंतु तोपर्यंत तुम्ही हात बांधून बसावे असे मी म्हणणार नाही. तुमच्या हातात जे आहे, ते सांगतो.

पहिली गोष्ट. 'मी खूप अभ्यास करणार' असा निश्चय करू नका. केव्हा, कोठे आणि काय करणार हे ठरवा. जर्मनीतील पीटर गोलविट्झर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा वृत्तांत लिहून धाडायला सांगितले होते. ज्यांनी केवळ होकार दिला, त्यांच्यापैकी सुमारे एकतृतीयांश जणांनीच ते काम वेळेत केले. ज्यांनी आपण कोणत्या वेळी आणि कोठे बसून लिहिणार हे आधी ठरवून दिले, त्यांच्यापैकी दोनतृतीयांशाहून अधिक जणांनी ते केले. माणसे सारखीच, काम तेच, फरक फक्त स्थळ-काळ ठरविण्याचा. 'मगरिबनंतर चहा झाला की मी अभ्यासिकेत जाऊन अर्थशास्त्राचे एक प्रकरण वाचणार' हा निश्चय टिकतो. 'यंदा पहिला वर्ग मिळवणार' हा निश्चय दारावर लावलेल्या कागदासारखा काही दिवसांत पिवळा पडतो.

दुसरी गोष्ट. मोबाइल झाका. खिशात ठेवून 'मी बघणार नाही' म्हणणे म्हणजे उघड्या बशीसमोर बसणे होय. अभ्यासाला बसताना तो दुसऱ्या खोलीत, आईजवळ किंवा वसतिगृहात असाल तर कुलुपाच्या पेटीत ठेवा. ज्यांना व्याख्याने मोबाइलवरच पाहावी लागतात, त्यांनी पाहण्याची वेळ आणि लिहिण्याची वेळ वेगळी ठेवावी. लिहिताना तो जवळ नको.

तिसरी गोष्ट. सोबत निवडा. मित्र सोडा असे मी सांगत नाही. परंतु दोघा-तिघांनी मिळून आठवड्याचे काम वाटून घ्या आणि दर शुक्रवारी किंवा रविवारी एकमेकांना दाखवा. प्राध्यापकांनी दिलेल्या तारखेच्या एक आठवडा आधीची तारीख तुमची समजा आणि ती मित्राला सांगून ठेवा. शाळेतील घंटेच्या जागी उभी राहू शकेल, अशी ही दुसरी घंटा आहे.

चौथी गोष्ट. पुस्तक मिटून पाहा. संयम केवळ बसण्यात नसतो, काम अवघड करून घेण्यातही असतो. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यापीठ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग आहे. एका गटाने एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्याने तो एकदा वाचून तीन वेळा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होते, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पुनःपुन्हा वाचणे सोपे असते आणि 'मला येते' असा भास होतो. मिटलेल्या पुस्तकापुढे बसले, की आपले अज्ञान उघडे पडते आणि म्हणूनच ते कोणाला नको असते. तेथे थोडा धीर धरा.

पाचवी गोष्ट. नियम मोडला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. एखादे दिवशी चुलत भावाचे लग्न असेल, एखादे दिवशी सामना पाहण्यात संध्याकाळ जाईल. त्यात मोठा अपराध नाही. अपराध आहे तो 'आता आठवडा बिघडलाच आहे, सोमवारपासून बघू' असे म्हणून उरलेले पाच दिवस उधळण्यात. आणि ए.टी.के.टी. लागली, तर घरी लपवू नका. लपविलेला एक विषय पुढच्या सत्रात दोन होऊन येतो. शाळेत या, आमच्याकडे या. आमची शाळा सुटल्यावर आम्ही घरीच असतो.

संयमाचा अर्थ सुख नाकारणे असा घेऊ नका. खेळा, वेळेवर जेवा, पुरेसे झोपा. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे जागरण हे शौर्य नाही. महाविद्यालयात ग्रंथालय असेल, वादविवाद मंडळ असेल, नाटक असेल, मैदान असेल. त्यांत भाग घ्या. ज्याने आपला अभ्यास ठरल्या वेळी उरकला आहे, त्यालाच संध्याकाळच्या क्रिकेटचा खरा आनंद मिळतो. अपुऱ्या अभ्यासाचे ओझे डोक्यावर घेऊन जो मैदानावर जातो, त्याचा ना अभ्यास होतो, ना खेळ.

शेवटी एकच सांगतो. तुमच्यापैकी कित्येक जण आपल्या घरातून महाविद्यालयात जाणारे पहिलेच आहेत. तुमच्या फीसाठी कोणाच्या बांगड्या पेढीवर गेल्या असतील, कोणाचे वडील दोन वर्षे घरी आलेले नसतील. ही गोष्ट मी तुमच्या मनावर दडपण आणण्यासाठी सांगत नाही. त्यांनी उद्याच्या फळासाठी आज कळ सोसली आहे, आणि संयम म्हणतात तो हाच. तो तुम्हाला पुस्तकात शोधायला नको, तो तुमच्या घरातच आहे. येत्या जूनमध्ये महाविद्यालयाची पायरी चढाल, तेव्हा तेथे घंटा ऐकू आली नाही, तरी पहिल्याच आठवड्यात आपली वेळ, आपली जागा आणि आपला एक सोबती ठरवून टाका. उरलेले चौदा आठवडे पुष्कळ सोपे जातील.